पटसंख्या

ॲबर्डीन. हॉटेलचं तळघर, खोली ब-तीन.
बाहेर समुद्रावरून चढलेलं धुकं
ग्रॅनाइटच्या भिंतींना चिकटून बसलेलं,
आत साडेसहा वाजता आम्ही सहा जण:
‘बेटांवरच्या एकशिक्षकी शाळा’,
संघटनेच्या अभ्यासगटांच्या यादीत
शेहेचाळिसावा.

घडीच्या भिंतीपलीकडे
‘यंत्रबुद्धी आणि अध्ययन’.
दोन वर्षांत सहाशेवर गेले ते.
त्यांचं हसू भिंतीतून झिरपतं
आणि माझ्या इतिवृत्ताचा समास ओला करतं.

मी चिटणीस. म्हणजे बिस्किटं मी आणते.

विषय पहिला: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे.
केलं.
विषय दुसरा: शिल्लक. एकशे बारा पौंड,
वर काही पेन्स, जे दरवर्षी तेवढेच असतात.
विषय तिसरा: पत्र.
पत्र सभ्य आहे. आमच्या योगदानाबद्दल आदर वगैरे,
आणि पंचवीसहून कमी सभासदांचे गट
‘योग्य त्या मोठ्या गटात विलीन करण्यात येतील.’

विलीन.
इंगा इझ्बिस्टर चष्मा काढते, पुसते, पुन्हा घालते.
हा शब्द तिने जन्मभर गोळा केला,
एकोणतीस बेटं, शिक्षण खात्याची एकोणतीस पत्रं,
प्रत्येकात हाच, टाचणीवरच्या किड्यासारखा
पाय दुमडून झोपलेला.
पट सात. पट चार.
पट दोन, पैकी एक पुढच्या वर्षापासून बोटीने मोठ्या शाळेत.
आणि आम्ही लिहीत राहिलो,
संख्या म्हणजे शाळा नव्हे,
चौदा शोधनिबंधांत, तक्त्यांसह.

‘आपण किती?’ कुणीतरी विचारतं.
पंचवीस. बरोबर पंचवीस.
टॉर्क्विल बिस्किटाकडे बघत म्हणतो,
‘रेंडलला धरून.’

रेंडल फेब्रुवारीत गेला.
वर्गणी मात्र डिसेंबरपर्यंतची भरून,
नेहमीसारखी, मुदतीच्या आधी.
संगणकाला अजून कुणी कळवलेलं नाही.
कळवायचं काम माझं.

त्यानेच मला सांगितलं होतं, एकदा, फेरीच्या धक्क्यावर,
पोटातलं सगळं समुद्राला देऊन झाल्यावर:
त्याच्या शाळेत चार मुलं होती, मग तीन.
बोटवाल्याची मुलगी मुख्यभूमीवर गेली,
तिचं नाव त्याने हजेरीपटावर तसंच ठेवलं.
नाव पुकारलं की उरलेली तिघं पाळीपाळीने
आवाज बारीक करून म्हणायची, हजर.
मग तपासनीस आला.
त्याने खुंट्यांवरचे कोट मोजले. तीन.
शाळेच्या शेगडीवरचा चहा प्यायला,
वारा फार आहे म्हणाला,
आणि वहीत चार लिहिलं.
हे रेंडलने कुठल्याही निबंधात घातलं नाही.
पुरावा नाही, म्हणायचा.

दारावर टकटक. शेजारचा तरुण,
गळ्यात ओळखपत्र, गाल लाल.
‘माफ करा, जादा खुर्च्या आहेत का?
आमच्याकडे लोक उभे आहेत.’
आहेत. आमच्याकडे खुर्च्याच आहेत.
तो चार-चार नेतो, टॉर्क्विल उठून हात लावतो,
पायांचे रबर फरशीवर किंचाळतात,
आणि खोली हळूहळू
तिच्या खऱ्या मापाची होत जाते.

शेवटी एक उरते, इंगाच्या शेजारची.
‘हीपण नेऊ?’
मी यादीवरून मान वर करत नाही.
इंगा उठते, अंगातला कोट काढते
(खोली गार आहे, ती सत्त्याहत्तरची आहे),
पाठीवर नीट अडकवते, बाह्या सरळ करते.
‘नाही,’ म्हणते, ‘इथे कोट आहे.’

विषय चौथा: पुढच्या वर्षी
बिस्किटं कुणी आणायची.